मादामचं पिंप आणि हिद्दचे तीन सुतार

फळी तासली की पायाशी सालपटं पडतात. काम संपतं, होडी पाण्यात जाते, सालपटं मात्र यार्डातच राहतात. किश्श्यांचंही तसंच. फ्रान्सहून परत येऊन दोन वर्षं झाली, तरी इथे आखातात, हिद्दच्या होड्यांच्या यार्डात चहाला बसलं की कोणीतरी म्हणतंच, "चाचा, त्या मादामचं सांगा ना!"

आम्ही तिघे होडीचे सुतार. मी आणि इक्बाल रत्नागिरीकडचे, मयेकर मालवणचा. आमच्या अरबाबने, म्हणजे यार्डाच्या मालकाने, एक जुनी लाकडी होडी फ्रान्सच्या गिऱ्हाइकाला विकली. ती तिथल्या नदीवर नीट करून द्यायला आम्हाला सहा आठवडे पाठवलं. गाव एवढंसं, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावं! राहायचं, जेवायचं मादामकडे. सत्तरीची विधवा बाई, घरामागे द्राक्षांचा मळा. बोलणं सगळं मयेकरच्या मोबाइलमधून. तो फ्रेंचचं हिंदी करून द्यायचा.

मादामला एकच घोर होता. त्या गावात वर्षातून एकदा चौकात टेबलं मांडतात आणि घरोघरची वाइन चाखतात. नवरा गेल्यापासून दोन वर्षं तिची वाइन नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की टेबल खलास! "आम्ही दोघं जन्मभर त्या टेबलामागे उभे राहिलो," ती म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

* * *

पहिल्या दुपारी तिने भलंमोठं ऑम्लेट आणलं. पोटात कावळे ओरडत होते, पण परक्याच्या घरी लगेच हात कसा घालायचा? मी म्हणालो, "नको, नको."

ती "बरं" म्हणाली आणि ऑम्लेट आत घेऊन गेली!

आम्ही बसून राहिलो. आता येईल, आग्रह करील. थोड्या वेळाने आतून भांडी घासल्याचा आवाज आला.

मयेकर हळूच म्हणाला, "चाचा, उद्यापासून तुम्ही बोलू नका!"

* * *

मग एकदा तिने गावचं चीज पुढे ठेवलं. आतून हिरव्या-निळ्या बुरशीच्या रेघा. इक्बालने नखाने खरवडून पाहिलं, सवयच ती.

"चाचा, फळीला एवढी बुरशी आली तर आपण फेकून देतो."

मोबाइलने हे मादामला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "हे मी नऊ महिने सांभाळलंय. गावातलं सगळ्यात महाग हेच."

इक्बाल विचारात पडला. "मग अरबाबला फोन लावा. यार्डामागे किती माल पडलाय!"

* * *

मी आणि इक्बाल दारूला हात लावत नाही. पण मादाम जेवताना तीन ग्लास भरायची आणि ते तसेच राहिले की तिचा चेहरा पडायचा. शेवटी मयेकर पुढे झाला. "चाचा, काळजी नको. तिघांची इज्जत मी एकटा राखतो."

आठवडाभर त्याने ती मनापासून राखली. एका दुपारी त्याने एकच फळी तीनदा मापली. तिन्ही वेळा लांबी वेगळी आली. म्हणाला, "चाचा, फळी हलतेय!"

* * *

मादामने नदीचा मासा केला. नुसतं मीठ आणि लोणी. इक्बालने बॅगेतून घरच्या मसाल्याची पुडी काढली आणि दुसऱ्या दिवशी मासा त्याने केला. मादामने मोठा घास घेतला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा! आम्ही घाबरून पाणी दिलं.

ती पाणी प्यायली, डोळे पुसले आणि मोबाइलजवळ तोंड नेऊन म्हणाली, "नवरा गेला तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते."

आणि ताट पुढे केलं.

* * *

चाखण्याला चार दिवस उरले असताना तिचं लाकडी पिंप गळायला लागलं. त्यातच त्या सालची सगळी वाइन. पिंप दुरुस्त करणारा माणूस दूरच्या गावचा, तो म्हणाला पुढच्या आठवड्यात येतो. मादाम पायरीवर डोकं धरून बसली.

मला राहवलं नाही. गळती ती गळती, होडीत पाणी आत येतं, इथे वाइन बाहेर जातेय एवढंच! मी फटीत कापसाची वात ठोकून भरली. गळती थांबली. हात धुऊन परत आलो, तर इक्बाल ब्रश घेऊन उभा.

"पक्कं केलं, चाचा. होडीला लावतो ते मुशीचं तेल दोन हात मारलं."

"अरे, माशाचं तेल? वाइनच्या पिंपाला?"

इक्बालचा चेहरा पांढरा पडला. वास तर आत शिरला होताच. मी टोपी हातात घेऊन मादामकडे गेलो आणि सगळं सांगितलं. माफी मागितली. ती पिंपाजवळ आली, तिने वाकून हुंगलं.

"दुसरं पिंप नाही," ती म्हणाली. "हीच वाइन मांडायची."

रविवारी चौकात आम्ही तिघे तिच्या टेबलामागे मान खाली घालून उभे. चाखणारा एक जाडा म्हातारा. प्रत्येकाची वाइन तोंडात फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. तिथली रीतच ती. मादामची त्याने तोंडात घेतली. फिरवली. थांबला. डोळे मिटले. आणि गिळली!

मग ग्लास परत पुढे धरून त्याने विचारलं, "मादाम, तुमच्या मळ्यापासून समुद्र किती लांब?"

मादामने आमच्या तिघांकडे एकदा पाहिलं. बाटली उचलली आणि ओतता ओतता म्हणाली, "यंदा बराच जवळ आलाय!"