स्टँडवरची गाडी

आमच्या धंद्यात वस्तू पारखायची एकच रीत. टेबलावर ठेवायची, वायर जोडायची आणि ऐकायचं. मी पाण्याच्या पंपांच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतो. विरारला आलो तेव्हा मी आठवी नापाससुद्धा नव्हतो. परीक्षेलाच बसलो नव्हतो, मग नापास कोण करणार? हिंगोलीकडून आलेल्या मला इथल्या एका वाइंडिंगवाल्याने ठेवून घेतलं. झोपायला माळा दिला आणि एक कान दिला. कान म्हणजे असं की, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतलं बेअरिंग रडतंय की गातंय ते बरोबर कळतं. देवाचे आभार मी सणासुदीला मानतो, त्या माणसाचे रोज.

त्याच कानाच्या भरवशावर मी मोटरसायकल घ्यायला निघालो.

गाडी हवी होती ती पोटासाठी. विरारजवळ आगाशीच्या पुढे सगळ्या वाड्या. कुणाची केळी, कुणाची पानवेल, कुणाची फुलं. पंप जळाला की बागायतदार चौघांना फोन करतो, आणि जो आधी पोहोचेल त्याचं काम. मी बसने जायचो, मोटार मांडीवर घेऊन. कंडक्टर विचारायचा, "बाळाचं अर्धं काढू का?" मी पोहोचेपर्यंत दुसराच कुणी पंप खोलून बसलेला. असे सलग तीन पंप गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला गाडी येते ना?"

"येते की."

हे खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

सोळा वर्षांपूर्वी, विरारला येण्याआधी, गावाकडे मी चालवायचो. एकदा आईला मागे बसवून बाजाराला निघालो आणि कॅनॉलच्या वळणावर आम्ही दोघं गाडीसकट ज्वारीत. मला नुसतं खरचटलं. आईचं उजवं मनगट मोडलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं. पुढे तिच्या भाकरी एका बाजूला जाड व्हायला लागल्या. मी जाड बाजू मुकाट खाल्ली आणि गाडीला परत हात लावला नाही.

बायकोची इच्छा नव्या गाडीची. लिंबू, नारळ, हार, फोटो. म्हणून आधी शोरूमला गेलो. तिथे कुणी गाडी घेतली की घंटा वाजवतात आणि सगळे टाळ्या पिटतात. आरती चुकली आणि थेट प्रसादाला आलो, असं वाटलं. टाय लावलेला एक माणूस म्हणाला, "सर, मायलेज बघायचं की परफॉर्मन्स?"

"आवाज," मी म्हणालो.

त्याने गाडी चालू केली. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, इंजिनाला टेकवला आणि डोळे मिटले. दुकान शांत झालं. त्या माणसाने हळूच बायकोला विचारलं, "मॅडम, सरांना बरं नाही का?"

खरं सांगतो, आत काही ऐकूच येईना. इतकं गुळगुळीत इंजिन की जणू भाड्याने आणलेला पाहुणा. किकही नव्हती. समोर मीटरच्या जागी मोबाइलसारखा पडदा, आणि सीट एवढी उंच की माझे नुसते अंगठे जमिनीला लागले. "चक्कर मारून बघा ना सर," तो म्हणाला. मी घाईघाईने उतरलो आणि म्हणालो, "मला जुनी बघायचीय." बायको रागावली. तिला वाटलं मी कंजूस आहे. मी तिला तसंच वाटू दिलं. भित्र्यापेक्षा कंजूस बरा.

मग सगळी बिल्डिंग सल्ले द्यायला लागली. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याने टाकलेलं दुखणं, असं तळमजल्यावरचे काका म्हणाले. त्यांनी स्वतः जन्मात सायकलही घेतलेली नव्हती. शेवटी मी तांब्याची तार घेतो त्या दुकानदारानेच पत्ता दिला. आगाशीच्या वाडीतल्या एक निवृत्त शिक्षिका गाडी विकतायत. "त्यांच्या नवऱ्याची का?" मी विचारलं. तो म्हणाला, "नवरा मागे बसायचा."

बाईंचं घर बावखलाच्या काठावर होतं. बावखल म्हणजे इथल्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. रस्ता त्याला अगदी खेटून वळतो. बाई सत्तरीच्या, पंजाबी ड्रेसमध्ये, चष्मा दोरीला. बारा वर्षं त्या याच गाडीवरून शाळेत गेल्या. आता गुडघा ऐकत नाही म्हणून विकायची. बाई मास्तरीण आहेत हे आठवून माझे हात आपोआप मागे गेले.

गाडी मी मधल्या स्टँडवर चढवली. किक मारली, पहिल्याच दणक्यात चालू. स्क्रूड्रायव्हर लावला. आत सगळं खणखणीत, एक साखळी तेवढी कुरकुरत होती, तेही म्हाताऱ्या माणसासारखं, सवयीने. मग मी स्टँडवरच एकेक गिअर टाकत मागचं चाक फिरवलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. चाक गरगरलं, मी मान डोलावली, हात पुसले.

"बाई, पास. मी घेतली."

"गाडी पास झाली," बाई म्हणाल्या. "तुमचं काय? चालवून दाखवा."

"दाखवली की आत्ता. चौथ्यापर्यंत."

"स्टँडवर. माझ्या वर्गातली निम्मी मुलं अशीच होती. बाकावर बसून सगळं येतं, फळ्याजवळ बोलावलं की मुकी. ज्याला चालवता येत नाही त्याला मी गाडी देत नाही. उद्या आमच्याच बावखलात पडाल आणि गाळात मलाच हुडकावं लागेल."

मी म्हणालो, उद्या येतो. बाई म्हणाल्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. आणि ओसरीवरची पिशवी उचलून त्या सरळ मागच्या सीटवर बसल्या. "चला. बाजारात सोडा मला. मासळी आणायचीय."

नेमकं आईच्याच वयाचं माणूस, नेमकं मागे. तोवर हातचा गेलेला चौथा पंप, पाचवा पंप, बायकोचा चेहरा, सगळं डोळ्यांसमोर आलं, तरी किक मारायला पाय उचलेना. शेवटी तोंडातून निघूनच गेलं, "बाई, मी माझ्या आईला पाडलंय."

आता या उतरतील, मला वाटलं. बाईंनी चष्मा लावला.

"कुठे?"

"गावाकडे, हिंगोलीला. वळणावर."

"काय केलंत?"

"घाबरून ब्रेक दाबला. पुढचा."

"वळणात? पुढचा?"

"हो."

"मग पडणारच. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय? हे पाप नाही हो, चूक आहे. चुकीखाली लाल रेघ मारायची आणि पुन्हा सोडवायचं. ब्रेक आधी, वळण नंतर. म्हणा."

मी म्हटलं. चाळिशीचा माणूस, वाडीच्या दारात, मोठ्याने. गाडी स्टँडवरून काढली आणि निघालो. बावखलाचं वळण दिसलं तसं माझी बोटं त्याच लिव्हरकडे सरकली. मागून आवाज आला, "आधी!" मी सरळ रस्त्यावरच वेग कमी केला, बोटं सोडली, मग वळवलं. डावीकडचं हिरवं पाणी डावीकडेच राहिलं. बाजारापर्यंत सगळा रस्ता आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये गेलो. एका सायकलवाल्याने ओव्हरटेक करताना मला हात दाखवला. मासळीवाल्यांसमोर गाडी आचके देत बंद पडली.

"बाय, ह्यो कोन ड्रायव्हर आनला?" एक मासळीवाली ओरडली. "याच्यापेक्षा माझा बोंबील जलद गेला असता!"

"हिंगोलीहून मागवलाय," बाई उतरत म्हणाल्या. "नापास नाही. पुढच्या वर्गात ढकललाय."

आठवी सुटल्यापासून मला कुणी पुढच्या वर्गात घातलं नव्हतं. मी बाईंची पिशवी धरून उभा राहिलो. त्या पापलेटावरून घासाघीस करत होत्या.

त्या आठवड्यात सहावा पंप मी आधी पोहोचून खोलला. मोटार आता सीटला बांधलेली असते, आणि कंडक्टरला मी सिग्नलला हात करतो. हे सगळं सांगायला गावाकडे फोन लावला. बाई मागे कशा बसल्या, बावखलाचं वळण कसं काढलं, सगळं सांगितलं.

"त्या मास्तरीणबाईला पाडलं नाहीस?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग मलाच काहून पाडलंस रे, मुडद्या?"

आणि सोळा वर्षांचं साचलेलं ती एका दमात बोलली. मी जिन्यात उभा राहून सगळं ऐकलं. मधे एकदाही हूं केलं नाही.