दार सोडा, जावईबापू!

माझे सासरे झोपेतही मागच्या गाडीची काळजी करत असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. उभी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाल्यामुळे पुढचा पूर्ण बाहेर पडल्याशिवाय मागच्याला आत सोडायचं नाही, हा नियम त्यांनी घरालाही लावला. मी अंघोळ उरकून न्हाणीघराच्या दारातच टॉवेल गुंडाळून गात उभा राहिलो की बाहेरून हाक यायची, "अहो, फलाट मोकळा करा, मागे गाड्या खोळंबल्यात!" त्यात पुण्यात मेट्रो आली आणि त्यांना हक्काचं कार्यक्षेत्र मिळालं. एकदा ऐन गर्दीत एका आयटीवाल्या पोराने मित्रासाठी दारात सॅक घातली. "फक्त दोन सेकंद, काका!"

"ते दोन सेकंद मागच्या गाडीतल्यांकडून माग. ही हलल्याशिवाय तिला सिग्नल नाही, आणि तिच्याही मागे दुसरी उभी आहे. मग तुम्हीच ओरडता, गाड्या वाढवा! आहेत त्या तर सोडा!"

धाकटी मेहुणी पहिल्या नोकरीसाठी कोलकात्याला निघाली, तेव्हा बाकी मंडळी तिच्याबरोबर आधीच स्टेशनवर गेली होती. सासरे आणि मी मागे राहिलो, कारण ऐन वेळी बाकरवडी आणायची बुद्धी मला झाली. मेट्रोत मी उडी मारली. सासरे दुखरे गुडघे सांभाळत अजून जिन्यावरच. मी दारात पाय घातला.

"दार सोडा, जावईबापू!"

"अहो, धाकटीची गाडी चुकेल!"

"पाय काढा म्हणतो ना!"

अख्खा डबा माझ्याकडे बघत होता. मी पाय काढला. काचेपलीकडून त्यांनी मला हिरवा झेंडा दाखवल्यासारखा हात केला.

धाकटी रेल्वेच्या दारात उभी होती. बाकरवडी घेताना ती माझ्या खांद्यावरून मागेच बघत होती. "बाबा?"

"पुढच्या मेट्रोने येतायत," मी म्हणालो, तोवर गाडी हललीही.

सासरे धापा टाकत फलाटावर पोचले, तेव्हा शेवटचा डबा बाहेर पडत होता. आता बाकरवडीचा उद्धार होणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"वेळेवर सुटली," ते म्हणाले. मग हळूच, "गार्ड ओळखीचा असता, तर मिनिटभर थांबला असता का हो?"

"थांबला असता."

"चूक केली असती त्याने," ते म्हणाले आणि रिकाम्या रुळांकडे बघत राहिले.