ओढ्यातला ओरिक्स

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत मृदाशास्त्र शिकत होते आणि एका निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर बाईंच्या घरी भाड्याने राहत होते. साठी उलटलेल्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्या वर्षी सोडतीत त्यांना ओरिक्सच्या शिकारीचं परमिट लागलं. ओरिक्स म्हणजे आफ्रिकेतलं घोड्याएवढं हरीण. शिकारीसाठी आणून सोडलेलं, आणि आता तिथल्या सरकारी माळरानावर वाढलेलं. नर असो की मादी, डोक्यावर दोन सरळ, भाल्यासारखी शिंगं.

नेहमी सोबत जाणारा त्यांचा भाऊ आजारी होता. "मांस उचलायला कोणीतरी हवं. येशील?" त्यांनी विचारलं. तिथली माती बघायला मिळेल म्हणून मी हो म्हटलं. पुण्यात आईला फोनवर यातलं काही सांगितलं नाही.

सकाळी दूरवर एक मादी एकटीच उभी दिसली. बाईंनी आडवं पडून गोळी झाडली. मादी गुडघ्यांवर कोसळली, पुन्हा उठली आणि कोरड्या ओढ्यात दिसेनाशी झाली.

बाई बराच वेळ हलल्या नाहीत. "जखमी ओरिक्स पळत नाही, वाट बघतो," त्या म्हणाल्या. "सिंहाला भोसकणारं जनावर आहे. तू काठावर थांब. काही झालं तरी खाली उतरायचं नाही."

मी काठावर उकिडवी बसले. त्या रक्ताच्या थेंबांमागे खाली गेल्या आणि वळणाआड झाल्या. मग दगड घसरल्याचा आवाज आला, आणि त्यामागून लोखंड आपटल्याचा.

मी हाका मारल्या नाहीत. काठाकाठाने रांगत वळणापर्यंत गेले आणि खाली पाहिलं. बाई पाठीवर पडल्या होत्या, एक पाय दगडांत अडकलेला. रायफल हातापासून दूर, माझ्या बाजूच्या उतारापाशी. आणि पलीकडे झुडपाला टेकून ती मादी उभी होती. तिच्या नाकातून रक्त गळत होतं. ती बाईंकडे बघत होती.

"येऊ नकोस," बाई अगदी हळू म्हणाल्या.

मला यायचंच नव्हतं. पळून ट्रकमध्ये बसावं, काचा वर कराव्यात, एवढंच मनात होतं. मग मादीने मान खाली घातली आणि शिंगं समोर आली. मी बसल्या बसल्या उतारावरून घसरले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. बंदुकीला मी आयुष्यात हात लावला नव्हता, तेव्हाही धीर झाला नाही. पायानेच ढकलली. बाईंचा हात पोचला.

कानठळ्या बसल्या. मादी आमच्याच दिशेने दोन-चार पावलं धावत आली आणि बाईंच्या बुटांपाशी कोसळली. एक शिंग दगडावर आपटून त्याचं टोक तुटलं.

"काठी घे आणि तिच्या डोळ्याला लाव," बाई म्हणाल्या. "पापणी हलली नाही तर मेली."

माझी सलवार ओली झाली होती. काठी दोनदा डोळ्याच्या बाजूलाच लागली. शेवटी डोळ्याला लागली. पापणी हलली नाही.

बाईंचा घोटा मोडला होता. मदत आणायला मी एकटी, ट्रक उभा केला होता त्या रस्त्याकडे निघाले आणि प्रत्येक झुडपाला लांबून वळसा घालत गेले. रस्त्यावर दोन शिकारी भेटले. त्यांनी बाईंना ट्रकमध्ये घातलं, मांस कापून बर्फात भरलं.

शिंगं काही आठवडे वाळू द्यावी लागतात, मगच अधिकृत माप घेतात. बाई कुबड्या घेऊन मापणाऱ्याकडे गेल्या, गाडी मी चालवली. त्याने पोलादी टेप बुडापासून टोकापर्यंत लावली, मग शिंगाचा घेर ठिकठिकाणी मोजला.

"टोक तुटलं नसतं तर विक्रमांच्या नोंदीत आली असती," तो हळहळला. "कुठे तुटलं?"

"माझ्या पायाशी," बाई म्हणाल्या.

त्याने टेपचं टोक धरायला मला बोलावलं. मी हात मागे घेतला. बाईंनी ते बघितलं.

परतताना गाडीत मी सांगून टाकलं, "ती शिंगं दिवाणखान्यात लावलीत तर मला तिथून स्वयंपाकघरात जाता येणार नाही."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मला तरी कुठे झोप लागते," त्या म्हणाल्या. "डोळे मिटले की ती मान खाली घालते."

शिंगं त्यांनी भावाला देऊन टाकली. परमिटसाठी पुन्हा कधी अर्ज केला नाही. मला मात्र प्रबंधासाठी त्याच माळरानावर मातीचे नमुने घ्यायला जावं लागलं. दर वेळी वर्गातल्या कोणाला तरी गळ घालून सोबत न्यायचे आणि खड्डा खणताना त्याला उभं राहायला सांगायचे, ओढ्याकडे तोंड करून.