कूलरमागचा खिळा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाले मी प्रोजेक्ट घेतला: नागपूरचं तापमान, जितकं मागं जाता येईन तितकं मागं. बम उत्साह होता मले. सरकारी हवामान केंद्राचे रोजचे आकडे कॉम्प्युटरवर भेटले, पण त्याच्या मागं कुठं जायचं? त्याच्या मागं थर्मामीटरच नाही. मग दगडं. दगडं आपलं आपलं लिहून ठेवतात, फक्त वाचता आलं पाहिजे.

म्हणून कन्हानले गेली. तिथं कोळशासाठी बोअर मारून काढलेले दगडाचे लांब लांब दांडे पेट्यांत भरून एका टिनाच्या शेडमध्ये ठेवले आहेत. बाहेर मे महिना, रस्त्यावर कुत्रंही नाही. आत पेट्याच पेट्या, अन् एक सांभाळणारा दादा. त्यानं अगदी खालची पेटी ओढली.

"याच्यावर हात फिरव वं. कोळशाच्याही खालचा आहे हा."

दगडावर बारीक बारीक ओरखडे होते. सगळे एकाच दिशेनं, कोणी नखं ओढल्यासारखे.

"काय आहे हे?"

"बर्फ. बर्फाची नदी याच्यावरून घासत गेली म्हणते. इथंच."

"कन्हानले? रसवंतीवाल्याचा असन दादा!"

तो हसला नाही. "मीबी पहिले असाच हसलो होतो. आता एकटा असलो का त्या पेटीकडे पाठ नाही करत."

मले माहीत होतं ना, पुस्तकात वाचलं होतं, का तेव्हा आपली ही जमीन दक्षिण ध्रुवाजवळ होती. पण वाचणं वेगळं. माझा हात घामानं ओला, अन् त्या गार ओरखड्यात माझं नख बरोबर बसलं. इतक्या वर्षांपासून तो दगड हे घेऊन चूप बसून राहिला होता. मी बोट लवकर काढून घेतलं.

घरी, नागपुरात बेसाले, येताना गाडीवरच आठवलं: अरे, बाबाचे कॅलेंडर!

बाबा रोज जेवण झाल्यावर, अडीच वाजता, मागच्या अंगणात जाऊन थर्मामीटर पाहतात अन् भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात कोपऱ्यात पेन्सिलनं आकडा लिहितात. लग्न असो, ताप असो, एक दिवस सुटत नाही. जुने कॅलेंडर सगळे पेटीत.

आता काकाचं सांगावं लागते. मी सहावीत होती. हे घर बांधून पाच-सहा वर्षं झाली होती अन् बाबाचा लहान भाऊ, माझा काका, त्या दिवशी गच्चीवर पत्रे बसवून राहिला होता. जेवून उठला अन् विचारलं, "भाऊ, किती झालं गा?" बाबानं पाहून सांगितलं, "एक्केचाळीस. काही नाही होत, चढ." एक्केचाळीसले मे महिन्यात नागपुरात कोण घाबरते? लोक चहा प्यायले जातात. संध्याकाळपर्यंत काका गेला. ऊन लागलं. काकू लकडगंजले माहेरी गेली, ती परत आमच्या घराची पायरी नाही चढली. अन् बाबा तेव्हापासून येईन त्याले एकच सांगतात, "एक्केचाळीसच होतं."

मी म्हटलं, आता मी सिद्धच करते! सरकारी आकडा काढते, छापून काकूले नेऊन देते. बाबाले सांगितलंही.

"कायले वं," इतकंच म्हणाले.

रात्रभर नाही, दोन दिवस लागले मले सगळे आकडे टाइप करायले. मग दोन रेषा काढल्या. सरकारी निळी, आमची लाल. हिवाळ्यात दोन्ही एकीवर एक. अन् मार्चमध्ये लाल खाली पडते. पाच अंश खाली. पावसाळा लागला का परत वर. दर वर्षी तसंच. मले वाटलं माझंच काही चुकून राहिलं. पुन्हा तपासलं. नाही. मार्च म्हणजे आमच्या घरी कूलर सुरू होते.

पण एका मे महिन्यात लाल रेष मधातच उडी मारून निळीले चिकटली. त्यानंतर कधीच खाली गेली नाही.

तारीख पाहिली. काका गेला त्या दिवशी बाबाच्या चौकोनात एक्केचाळीस, सरकारी सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी बाबाचेही सेहेचाळीस.

पंखा गरम हवा फेकून राहिला होता अन् माझ्या हातावर काटा. दुसऱ्या दिवशी तर काका अंगणात होता. चादरीखाली. बाया रडून राहिल्या होत्या. त्यातच अडीच वाजता कोणीतरी थर्मामीटर काढून दुसरीकडे लावला अन् आकडा लिहिला. अक्षर तेच. जराही हललेलं नाही.

मी मागं गेली. कूलरच्या मागच्या जाळीतून घासेचं पाणी ठिपकून राहिलं होतं. जाळीच्या बाजूले, सावलीत, एक गंजलेला खिळा. मी इतके वर्षं पाहिलाच नव्हता. हात नेला तर तिथली हवा गार. कन्हानच्या दगडासारखी.

दार वाजलं. अडीच झाले होते. बाबा पेन्सिल घेऊन आले. मले खिळ्याजवळ पाहिलं. समोरच्या भिंतीवरच्या थर्मामीटरजवळ गेले, माझ्याकडे पाठ करून आकडा वाचत उभे राहिले. गल्लीत आवाज नाही, पाखरू नाही.

"सगळे वर्षं टाकले का वं?"

"हो."

"मागचे, कूलरच्या दिवसातले, पाच वाढवून घे. त्या दिवसाचाही."

मी विचारलं, "काकूले काय सांगू?"

बाबा आत गेले. चौकोनात आकडा लिहिला, खुंटीवरचा दुपट्टा डोक्याले गुंडाळला अन् गाडीची चाबी घेतली.

"पाच वाजल्यावर जाजा ना बाबा. चव्वेचाळीस आहे."

"आताच वाचलं ना मी," म्हणाले, अन् लकडगंजकडे निघाले.