खांद्यातला खडू

“दुखेल. पण आत्ता दुखतंय त्याहून कमीच,” असं म्हणून डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर सरकवायच्या. कर्जत-खालापूरच्या किती बायकांनी हे वाक्य ऐकलं असेल, देव जाणे. पुरुषांत तो मान बहुधा माझा एकट्याचा.

बाई आल्या तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. कर्जतच्या बाजाराच्या टोकाला त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर बाक, आत बाळंतपणं. चौक गावाकडून, डोंगरातल्या वाड्यांवरून बैलगाड्या यायच्या. आम्ही शेजारी. मी शाळामास्तर. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, असं मीच लोकांना सांगत असे.

एका सकाळी उजवा खांदा असा पेटला की हात फळ्यापर्यंत पोचेना. मी पोरांकडून फळा लिहवून घेऊ लागलो आणि ही शिक्षणाची नवी पद्धत आहे असं हेडमास्तरांना पटवलं. घरी मात्र पद्धत चालेना. धोतराचा कासोटा खोचायला हात पाठीमागे जात नव्हता. ते काम बायको करी, आणि करताना हसे. निर्गुडीचा शेक झाला, बिब्बा लावून फोड आले, एका हाडवैद्याने हात ओढून मला तारे दाखवले. शेवटी बायको म्हणाली, “शेजारी डॉक्टर असताना हे काय चाललंय?”

“त्या बायकांच्या डॉक्टर आहेत.”

“खांदा बायकांनाही असतो,” ती म्हणाली.

गेलो. बाकावर पोटुशा बायकांच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या म्हातारीने मला न्याहाळलं. “मास्तर, बायको कुटं हाय? तुमीच काय बसलाव?”

बाईंनी मला मुंबईला खांद्याचा एक्स-रे फोटो काढायला धाडलं. तो खिडकीशी धरून त्यांनी हाडाजवळचा तांदळाएवढा पांढरा ठिपका दाखवला. “चुना साठलाय. मास्तर, इतकी वर्षं खडू घासलात, थोडा आत गेला.” मला ते खरंच वाटलं. पुढे कित्येक दिवस मी हा शोध सहकाऱ्यांना सांगत हिंडलो.

“आता वाटा ऐका,” बाई म्हणाल्या. “हात गळ्यात बांधून स्वस्थ बसा, पुष्कळदा हे आपोआप विरतं. वेळ लागतो. मुंबईला विजेचा शेक मिळतो, त्याने आराम पडेल. किंवा मी जागा बधिर करून सुईने धुऊन काढते. काहीच नाही जमलं तर शस्त्रक्रिया.”

“आणखी वाट नाही?”

“आहे ना. जन्मभर बायकोकडून कासोटा खोचून घ्या.”

मी सुई म्हणालो. ऐटीतच म्हणालो. त्या दिवशी आत एक पोर बाळंतपणात अडलेली होती, तरी वेळ काढून बाईंनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं. “दुखेल. पण...” पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण मी ओरडलो. आतून त्या पोरीच्या सासूचा आवाज आला, “कोन गं ती? पयलटकरीन दिसतेय!”

बाई हसल्या नाहीत. पिचकारीतून मिठाचं पाणी आत जात होतं, परत येताना दुधाळ होऊन येत होतं. वाटी माझ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, “घ्या, तुमचा खडू,” आणि हात धुऊन घाईने आत गेल्या.

मी घरी गेलो नाही. आत काय होतंय ते कळल्याशिवाय पाय निघेना. आतला आवाज कधी चढे, कधी अगदीच थांबे. थांबला की सगळा बाक श्वास रोखून धरी. दिवस कलताना बाई बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

“मुलगी झाली. मायलेकी दोघी आहेत,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, “तुमच्यापेक्षा कमी ओरडली हो.” आणि पदर तोंडावर घेऊन त्या रडल्या. बायकोने आणलेला चहा तसाच निवत राहिला.

माझा खांदा हळूहळू सुटला. भिंतीवर बोटांनी चढायचं, वाकून हात झुलवायचा, असा व्यायाम बाईंनी लावून दिला होता. गल्लीतल्या पोरांनी माझी नक्कल बसवली, ती माझ्यापेक्षा चांगली होती.

स्वातंत्र्य आलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात बाईंचे वडील वाईला अंथरुणाला खिळले. बाई “जाऊन येते” म्हणून गेल्या. वडील उठले नाहीत. बाईंनी तिथेच दवाखाना थाटला. इथल्या दाराला कुलूप राहिलं. पण डोंगरात ही बातमी पोचायला फार वेळ लागला. गाड्या येतच राहिल्या. बायको पाणी द्यायची, आणि मी सांगायचो, बाई गेल्या.

एका दुपारी अशीच एक गाडी आली. आत दिवस भरलेली पोर, बरोबर सासू. मी म्हणालो, “खोपोलीला नवे डॉक्टर आलेत. गाडी तिकडे घ्या.”

“पुरुस हाय?” सासूने विचारलं.

“हो. पण चांगले आहेत.”

सासूने पोरीकडे पाहिलं. पोरीने मान खाली घातली. मी पुष्कळ समजावलं, बायकोनेही समजावलं. गाडीवाल्याने बैल वळवले, आणि गाडी खोपोलीच्या रस्त्याला न लागता परत डोंगराकडे गेली.