पार्टी मागितली की अठराविश्वे दारिद्र्य

स्टाफरूममध्ये दोन गोष्टी साचत जातात, खडूची पूड आणि किस्से. पूड शिपाई झाडतो, किस्से कोण झाडणार? आमच्या उदगीरच्या शाळेत तर रिवाजच आहे. कुणी नवीन काही घेतलं की त्यानं सगळ्यांना भजे-जिलेबी खाऊ घालायची. त्यामुळे आमच्याइतके गरीब मास्तर अख्ख्या मराठवाड्यात सापडायचे नाहीत!

\*

या गरिबीला नेमका शब्द दिला मराठीच्या सूर्यवंशी सरांनी. पार्टी मागितली की छातीवर हात ठेवून म्हणायचे, "आमच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य!"

मी एकदा अर्थ विचारला. म्हणाले, "विश्वे म्हणजे वीस, मॅडम. अठरा गुणिले वीस, तीनशे साठ. म्हणजे वर्षभर दारिद्र्य."

गणिताच्या बिरादार सरांनी पेपर तपासता तपासता मान वर केली. "अन् वरचे पाच दिवस?"

"ते पगार झाल्यावरचे!"

\*

मग शब्द सगळ्यांनीच उचलला. बिरादार सर एकदा नव्याकोऱ्या मोटारसायकलवर आले. आम्ही घेरायच्या आत म्हणाले, "मेव्हण्याची हाय हो! आपल्याकडं अठराविश्वे दारिद्र्य!"

दुपारी मेव्हणा एसटीनं आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, नवी गाडी दावा की!"

भजे त्या दिवशी लई चवदार लागले.

\*

सहावीच्या वर्गात सूर्यवंशी सरांनी हाच शब्द वाक्यात वापरायला सांगितला. पहिल्या बाकावरची पोरगी ताडकन उठली. "आमच्या सरांच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य आहे, तरी सर रोज डब्यात तुपातला शिरा आणतात."

पैकीच्या पैकी मार्क!

\*

पण कहर केला विज्ञानाच्या जाधव सरांनी. निलंग्याची मुलगी त्यांच्या फार मनात भरली होती. एक दिवस हात जोडून म्हणाले, "आधीची दोन स्थळं मोडली. आज पोरीचा मामा चौकशीला येऊन राहिलाय. चार शब्द चांगले बोला, न्हाईतर मी असाच राहतो बघा!" आम्हालाही वाईट वाटलं.

मामा आले. आम्ही कौतुकाचा नुसता पाऊस पाडला. बागायती रान, पक्कं घर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही! मामा खुलून म्हणाले,

"मग जाधव सर, सोयरीक जमली समजा. पार्टी कवा?"

जाधवांचा हात आपोआप छातीवर गेला. "कुठली पार्टी हो! आमच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य!"

आम्ही सगळे गार. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खरं दारिद्र्य, का स्टाफरूमचं?"

"स्टाफ... स्टाफरूमचं."

"मग दिली पोरगी! मीबी मास्तरच हाय."