वेल्सच्या नटाची प्रॉम्प्टर

मी आयुष्यात एकदाही रंगमंचावर उभी राहिले नाही. पुण्यात अकरा वर्षं एका हौशी नाट्यसंस्थेत मी प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, संहितेवर बोट ठेवायचं आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, एवढंच काम. शब्द एकच. अख्खं वाक्य दिलं तर नट गोंधळतो. आणि आपला आवाज प्रेक्षकांत गेला तर लाज नटाची जात नाही, आपली जाते.

२००३ साली नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत बॉथेलला आले, तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. नवरा सकाळी आठला ऑफिसला जायचा आणि मी चरफडत घरात बसायची. मुळात मी तापट, त्यात रिकामी. दोन महिन्यांत अपार्टमेंटच्या सगळ्या खिडक्यांवर माझा राग काढून झाला होता.

तळमजल्यावर सगळ्यांची मिळून एक लॉन्ड्री रूम होती. तिथं पन्नाशीचा एक रुंद खांद्यांचा गोरा माणूस ड्रायरसमोर उभा राहून भिंतीशी भांडायचा. आधी मला वाटलं, डोकं फिरलंय. मग लक्षात आलं की भांडण रोज तेच आहे आणि रोज एकाच जागी अडून मग पुढे सरकतंय. पाचव्या दिवशी तो तिथंच अडला आणि चादरीची घडी घालता घालता मी त्याला पुढचा शब्द दिला. हलकेच, जुन्या सवयीनं. त्यानं तो उचलला, संवाद पुरा केला आणि मगच वळून बघितलं.

"तू नटी आहेस?" त्यानं विचारलं.

"छे. प्रॉम्प्टर."

"आमच्या गावात माझी मावशी होती प्रॉम्प्टर," तो म्हणाला. "सगळं गाव तिला टरकून असायचं."

तो आमच्या शेजारच्याच घरात राहत होता. वेल्सचा. खाणकामगारांच्या गावात वाढलेला, चर्चच्या हॉलमध्ये नाटकं करत मोठा झालेला. त्यांच्या भाषेतल्या एका मालिकेत तो दहा वर्षं दूधवाला होता. देश छोटा, भाषा त्याहून छोटी, पण तिथं दुकानात गेला की बायका त्याला दूध वेळेवर का येत नाही म्हणून दटावायच्या. मग इंग्रजी सिनेमे मिळाले. त्यांत तो सैनिक, पाद्री, खलाशी, आणि बहुतेक वेळा मध्यंतराच्या आत मरणारा. पुढे एका अमेरिकन शास्त्रज्ञ बाईशी लग्न करून इकडे आला, आणि इथं तीन वर्षांत त्याला मिळालं काय, तर मुलांच्या एका गेममध्ये ड्रॅगनचा आवाज. भेटेल तो त्याला विचारायचा, इंग्लंडमध्ये कुठला? वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे, म्हणत तो लालबुंद व्हायचा. मला ते फार आवडायचं. 'म्हणजे तुम्ही घरी हिंदी बोलता ना?' हे ऐकून मीही अशीच पेटते.

पुढच्या वसंतात त्याच्या बायकोनं एके दिवशी मला चहा पिता पिता सांगितलं की त्यांचं ठरलंय. जूनपर्यंत काम मिळालं नाही तर अभिनय बंद. सोफे विकणाऱ्या एका दुकानात त्याला नोकरी कबूल झाली होती. तो स्वतः हे हसत हसत सांगायचा, ग्राहकाला गाद्या कशा दाखवायच्या त्याची नक्कलही करून दाखवायचा. नक्कल इतकी सुरेख असायची की मला रडू यायचं.

मे महिन्यात एका मोठ्या मालिकेसाठी त्याच्याकडून ऑडिशनची टेप मागवली गेली. एक अमेरिकन शेतकरी. घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी फाटकाशी येऊन उभा राहिलाय, आणि बापाला तो परत जायच्या आत काहीतरी बोलायचंय. एकच प्रसंग. त्याची बायको परगावी होती, तेव्हा मुलाचे संवाद कॅमेऱ्यामागून कुणी वाचायचे? तो आमच्या दारात उभा.

"माझं इंग्रजी पुण्याचं आहे," मी म्हटलं.

"तू दिसणार नाहीस. फक्त वाच."

रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये शूटिंग झालं, कारण ऊन आमच्याकडे यायचं. नवऱ्यानं आमचा कॅमकॉर्डर धरला. पहिले तीन टेक झाले. उच्चार अगदी अमेरिकन, आणि माणूस मेलेला. मी स्पष्ट सांगितलं, "तू उच्चार सांभाळतोयस. मुलाकडे कोण बघणार?" तो चिडला. मीही चिडले. नवरा म्हणाला, "अगं, बॅटरी लो आहे, भांडण कॅन्सल करा यार, लास्ट टेक घेऊ."

चौथ्या टेकला मी मुलाचं वाक्य वाचलं, "मी निघतो मग." आणि त्याचा चेहरा कोरा झाला. वाक्य गेलं. मी पानावर शोधू लागले, तर पान उलटं. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. इंग्रजी शब्द सापडेना आणि माझ्या तोंडून खणखणीत मराठी बाहेर पडलं, "अरे, बोल की आता! बोल!"

त्यानं आवाजाच्या दिशेनं बघितलं. माझ्याकडे नव्हे, तिथं नसलेल्या फाटकाकडे. मग हळू आवाजात वेल्श भाषेत काहीतरी तीन-चार शब्द बोलला, आणि त्यातूनच मूळ इंग्रजी वाक्यावर आला. नवऱ्याच्या हातातला कॅमेरा हलला नाही, ही देवाची कृपा.

मी म्हटलं, हे खोडून टाक, माझा आवाज आलाय. त्यानं साफ नकार दिला. "इतक्या वर्षांत मी एवढं खरं काही केलेलं नाही," म्हणाला, आणि तीच टेप पाठवली. माझं नाक कापलं गेलं होतं. मी दोन आठवडे त्याच्याशी बोलले नाही.

जूनच्या पहिल्या शनिवारी बेल वाजली. तो दारात होता, अंगात सोफ्यांच्या दुकानाचा मरून टी-शर्ट, मापाचा आहे का ते बघायला घातलेला. सोमवारपासून नोकरी सुरू होणार होती. डोळ्यांत पाणी.

"घेतलं त्यांनी मला," तो म्हणाला. "शेतकरीच बदलला. आता तो तरुणपणी वेल्समधून आलेला आहे. आणि तुझ्या आवाजाबद्दल विचारत होते, ती बाई कुठल्या भाषेत ओरडली म्हणून."

त्या वेळी मी त्याला विचारलं, त्या दिवशी तू वेल्शमध्ये काय बोललास? "घरात ये, जेवण थंड होतंय," तो म्हणाला. "माझे वडील कधी माफी मागत नसत. एवढंच म्हणत." हे ऐकून मी दारातच ढसाढसा रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

पण काम मिळणं वेगळं आणि निभावणं वेगळं. लॉस एंजेलिसला शूटिंगच्या पहिल्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, त्याचा फोन आला. तोच प्रसंग. नऊ टेक झाले होते. दिग्दर्शकाला टेपवरचं हवं होतं आणि ते येत नव्हतं. निर्माते कोपऱ्यात उभं राहून कुजबुजत होते. त्याला ती कुजबुज ओळखीची होती, दोनदा त्याला असंच बदललं होतं.

"मला शब्द दे," तो म्हणाला.

मी शेगडी बंद केली. आयुष्यभर मी कुजबुजतच आले होते. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले आणि पोटातून ओरडले, "अरे, बोल की आता! बोल!"

फोन कट झाला. तासाभरानं पुन्हा वाजला. "एका टेकमध्ये," तो म्हणाला, आणि मागे लोक टाळ्या वाजवत होते.

ती मालिका चार वर्षं चालली. तो मध्यंतराच्या आत मेला नाही, शेवटच्या भागापर्यंत जगला. त्या चार वर्षांत त्यानं मला वाढदिवसाला फोन केले, दिवाळीला केले, नुसते भांडायलाही केले. शब्दासाठी एकदाही केला नाही. प्रॉम्प्टरला याहून मोठी पावती मिळत नाही.